चालीचे ऋण

मराठी संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती चाळताना प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक लहानशी ओळ दिसते. तीत राग असतो, ताल असतो आणि पुष्कळदा ‘चाल’ या शब्दापुढे, ज्या मूळ गीतावरून ती चाल घेतली त्या गीताचे आरंभीचे शब्द असतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली आणि ‘सौभद्र’ 1882 साली रंगभूमीवर आले. कीर्तनातील साकी-दिंडीपासून कानडी पदांपर्यंत अनेक ठिकाणच्या चाली त्यांनी घेतल्या. पण घेतल्या त्या उघडपणे. प्रेक्षकाला ती ओळ ऐकू येत नसे आणि नटाला ती म्हणावी लागत नसे. तरीही ती छापली जाई. एका कलेने दुसऱ्या कलेचे मान्य केलेले ऋण, एवढाच तिचा अर्थ होता.

बोलपट आला आणि ही ओळ पुसली गेली. चाली घेणे थांबले नाही, उलट वाढले. थांबले ते सांगणे. या एका बदलाने आपल्या सुगम संगीताच्या समीक्षेचे मोठे नुकसान केले आहे. ऋण मान्य केले की त्या ऋणाचे पुढे काय केले, हा कलात्मक प्रश्न विचारता येतो. ऋण लपविले की उरतो तो केवळ चोरीचा आरोप आणि त्याचा इन्कार. चितळकर रामचंद्र यांच्या संगीताविषयी मराठीत जे बोलले जाते, ते बहुतांशी या दोन टोकांतच अडकलेले आहे. त्यांच्या चालींतील लॅटिन अमेरिकी, विशेषतः क्यूबाकडून आलेल्या लयीचा विचार करताना ही कोंडी फोडणे अवश्य ठरते.

या विचाराला मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे एक सोयीचे स्थान आहे. शहराच्या दक्षिणेस वेलचेरी आहे. चोळकालीन शिलालेख असलेले दंडीश्वराचे देऊळ तेथे उभे आहे. भोवती मात्र भातखाचरांच्या आणि पाणथळीच्या जागी उभी राहिलेली आजची उपनगरी वस्ती आहे. नोकरीनिमित्त तेथे आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाला आपण परमुलखात आहोत असे वाटणे स्वाभाविक होय. परंतु संगीताच्या दृष्टीने हा मुलूख तितका परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवांची मराठी कीर्तने तंजावरात झाली आणि तंजावर कृष्ण भागवतर (1841–1903) यांनी त्या पद्धतीतून तमिळ हरिकथेला तिचे आधुनिक रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ शब्द घेऊन गाऊ लागली; पण त्यांची मराठी नावे त्यांनी टाकली नाहीत. आजही जाणकार हरिकथाकार ‘साकी’ला साकीच म्हणतो. रूपाबरोबर नाव प्रवासाला गेले, म्हणून ऋणाचा हिशेब वेगळा मांडावा लागला नाही.

त्याच्याही आधी याच परिसरात मुत्तुस्वामी दीक्षितरांनी (निधन 1835) इंग्रजी पलटणींच्या बँडवर वाजणाऱ्या युरोपीय सुरावटींना संस्कृत शब्द दिले. ‘नोट्टुस्वर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचनांच्या नावातच इंग्रजी ‘नोट’ शिल्लक आहे. दीक्षितरांच्या थोरवीला त्यामुळे बाधा आली असे कर्नाटक संगीताच्या कोणत्याही उपासकाने म्हटलेले नाही. तेव्हा परके घेणे हा मुळात दोषच नव्हे, एवढे गृहीत धरूनच पुढे जावे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म 1918 साली पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. पुढे नट होण्याच्या उमेदीने ते बोलपटांत शिरले आणि पेटीवादक म्हणून स्थिरावले. स्वतंत्र संगीतदिग्दर्शक म्हणून त्यांचे पहिले चित्रपट मात्र मराठी नव्हते आणि हिंदीही नव्हते. ‘जयक्कोडी’ (1940) आणि ‘वनमोहिनी’ (1941) हे ते दोन तमिळ चित्रपट होत. अहमदनगर जिल्ह्यातील एका तरुणाने आपली पहिली चाल अशा भाषेतील शब्दांना बांधावी, जी त्याच्या घरात कोणी बोलत नव्हते, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शब्दार्थाचा आधार नसताना चालीला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते; तिचे वजन लयीवर आणि स्वरांच्या वळणावर पडते. पुढील काळात त्यांच्या गीतांत लयीला जे प्राधान्य आलेले दिसते, त्याची एक पूर्वतयारी या तमिळ उमेदवारीत झाली असावी.

1947 च्या ‘शहनाई’पासून त्यांची पाश्चात्त्य धर्तीची गीते लोकप्रिय झाली. 1950 च्या ‘समाधी’मधील ‘गोरे गोरे’ हे त्यांतील सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण. आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील या चित्रपटात लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायलेले हे द्वंद्वगीत ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’ या गीताच्या चालीवर आहे, हे सर्वश्रुत आहे. आरोप करणारे येथेच थांबतात. पण त्या मूळ गीताचे मूळ शोधू गेल्यास मौज दिसते. ते गीत पोर्तो रिकोचे नव्हेच. ‘डॉल फेस’ या 1945 च्या अमेरिकी चित्रपटासाठी जिमी मॅकह्यू या हॉलिवुडच्या संगीतकाराने ते रचले. पडद्यावर गायले ते पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या आणि ब्राझीलमध्ये वाढलेल्या कार्मेन मिरांडाने. आणि तबकडीवरून इंग्रजी साम्राज्यात ते पोचविणाऱ्यांत एडमुंडो रॉस हे त्रिनिदादमध्ये जन्मलेले, लंडनच्या नृत्यगृहांत नावारूपाला आलेले वाद्यवृंदप्रमुख होते. म्हणजे मुंबईला जे ‘लॅटिन’ म्हणून मिळाले ते आधीच तीन हातांतून फिरलेले नाणे होते. चितळकरांनी कोणाचे घेतले, असे विचारताना ज्याच्याकडून घेतले त्याने तरी कोणाचे घेतले होते, हेही विचारावे लागते. ही साखळी मागे मागे नेली म्हणजे तिचे एक टोक हवानाच्या रस्त्यावर सापडते.

1930 साली दॉन अस्पियासू यांच्या हवानाच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये ‘एल मानिसेरो’ हे मोइसेस सिमोन्स यांचे गीत ध्वनिमुद्रित केले. गायक होते आन्तोनियो माचीन. शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याच्या आरोळीवर बांधलेल्या या गीताने अमेरिकेत आणि युरोपात क्यूबाच्या संगीताची लाट आणली. तबकडीवर त्याचा प्रकार ‘ऱ्हुम्बा’ असा छापला होता. वस्तुतः ते ‘सोन’ या प्रकारातले गीत होते. क्यूबातील खरी रुम्बा ही गोदीकामगारांच्या आणि गरीब चाळींच्या अंगणांतील ढोल, कंठ आणि नृत्य यांची कला. तिचा या गीताशी संबंध दूरचा. परंतु परदेशी गिऱ्हाइकाला नाव सोपे हवे होते. ‘चाल’ची ओळ येथे पुसली गेली नाही, चुकीची लिहिली गेली, आणि चुकीची ओळ कोऱ्या जागेपेक्षा अधिक दिशाभूल करते. पुढे जगभर ‘रुम्बा’ म्हणून जे नाचले गेले, ते या एका चुकीच्या शिक्क्याचे वंशज होय.

‘सोन’ची घडण समजून घेतल्यावाचून मुंबईने काय घेतले आणि काय घेतले नाही, हे कळणार नाही. या संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’: दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून वाजविलेले पाच आघातांचे आवर्तन. त्याच्या एका अर्धात तीन आघात आणि दुसऱ्यात दोन. दोन्ही अर्धांची लांबी सारखी, वजन मात्र विषम. सगळी वाद्ये आणि गाणारा गळा या विषमतेशी जुळवून घेतात. दुसरे वैशिष्ट्य खर्जाच्या वाद्याचे. आपल्याकडे सर्व प्रवास समेकडे चाललेला असतो आणि समेवर सारे एकत्र येऊन विसावतात. ‘सोन’मध्ये खर्जाचे वाद्य बहुधा पुढील आवर्तनाचा स्वर त्याच्या पहिल्या मात्रेपूर्वीच उचलते. श्रोता सम गाठावयास जावा आणि ती आधीच निघून गेलेली असावी, असा तो अनुभव आहे. विसावा नाकारणे हाच त्या लयीचा आनंद. स्पॅनिश काव्यरचना आणि तंतुवाद्ये एका बाजूने, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे ढोल दुसऱ्या बाजूने, अशा भेटीतून हे संगीत घडले. क्यूबात गुलामगिरी संपली ती 1886 साली. आणि त्यानंतरही प्रतिष्ठित समाजाने ढोलांना दीर्घकाळ दाराबाहेरच ठेवले. फर्नांदो ओर्तीस या क्यूबन विद्वानाने तंबाखू आणि साखर यांवरील आपल्या 1940 च्या ग्रंथात अशा भेटीसाठी एक स्वतंत्र संज्ञा घडविली. तिचा भावार्थ असा की, दोन संस्कृती भेटतात तेव्हा एक दुसरीला गिळते असे नव्हे. दोघीही काही गमावतात आणि तिसरेच काही जन्मास येते.

परंतु तिसरे जन्मास येताना त्याचे श्रेय आणि सुख कोणाच्या वाट्यास आले, हा प्रश्न संज्ञेने सुटत नाही. त्यासाठी कलावंतांच्या आयुष्यांकडे पाहावे लागते. आर्सेनियो रोद्रीगेस (1911–1970) लहानपणीच अंध झालेले. ‘त्रेस’ हे त्यांचे तंतुवाद्य. 1940 च्या सुमारास त्यांनी ‘सोन’च्या लहान ताफ्यात पियानो, अधिक ट्रंपेट आणि कोंगा ढोल आणले. पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘साल्सा’ नावाने जे वैभवाला चढले त्याचा पाया या मांडणीत होता. ते वैभव येऊ लागले तेव्हाच लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे जवळजवळ अज्ञातवासात निधन झाले. पेरेस प्रादो (1916–1989) हवाना सोडून मेक्सिकोला गेले, ‘मांबो’ला त्यांनी कडक पितळी वाद्यांचा पोशाख चढविला आणि 1955 साली त्यांची तबकडी अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत दहा आठवडे अग्रस्थानी राहिली. बेनी मोरे (1919–1963) यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. तरी त्यांनी 1953 पासून स्वतःचा मोठा वाद्यवृंद चालविला. क्रांतीनंतर ते मायदेशीच राहिले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षापूर्वीच गेले. सेलिया क्रूस (1925–2003) 1960 साली दौऱ्यावर मेक्सिकोला गेल्या त्या परतल्या नाहीत. 1962 साली आई वारली तेव्हा त्यांना मायदेशी येऊ दिले गेले नाही. जगाने त्यांना क्यूबाचा आवाज म्हणून ओळखले, पण तो आवाज त्यांच्या हयातीत पुन्हा क्यूबात राहावयास आला नाही. आणि इब्राहिम फेरेर (1927–2005) हे गायक गाणे सोडून हवानात बूटपॉलिश करीत असताना 1996 साली एका ध्वनिमुद्रणासाठी त्यांना बोलावणे आले. ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ ही ती ध्वनिमुद्रिका. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना जे यश लाभले ते अर्थातच सुखद आहे. पण मधली वर्षे कोणी परत केली नाहीत.

ही चरित्रे वाचताना गोमंतकीय वादकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना युरोपीय स्वरलिपी शिकविली जाई. ही विद्या घेऊन ते वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत आले. संगीतदिग्दर्शक चाल गुणगुणत असे. ती कागदावर उतरविणे, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहिणे, मधल्या जागा भरणे हे काम पुष्कळदा या मंडळींकडे असे. हळदोण्याचे आन्तोनियो झेवियर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’ (1916–1967), हे त्यांतील ठळक नाव. चितळकरांच्या 1951 च्या ‘अलबेला’त ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांनी 1958 साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविल्या आणि 1965 साली ते अमेरिकेस गेले. त्यांचे नाव सामान्य श्रोत्याला ठाऊक झाले ते 1977 च्या एका हिंदी चित्रपटातील विनोदी गीतामुळे. शिष्याने केलेले ते वंदन होते, हे खरे. पण ज्या माणसाची रचना लक्षावधी कानांनी ऐकली, त्याचे केवळ नावच आणि तेही एका काल्पनिक पात्राला चिकटलेले उरावे, हा प्रकार आर्सेनियोंच्या अज्ञातवासाहून फार निराळा नाही.

याच काळात आपल्याकडे एक वाद पेटला होता. 1952 साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठीच गृहस्थ. पाश्चात्त्य वळणाच्या चित्रपटगीतांमुळे जनतेची अभिरुची बिघडते, या भूमिकेतून नभोवाणीवर त्या गीतांना आवर घालण्यात आला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि 1957 साली ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांची शास्त्रीय संगीताविषयीची कळकळ खोटी नव्हती. चूक होती ती निकषाची. गीत परक्या लयीचे आहे किंवा नाही, हा रसिकतेचा निकषच होऊ शकत नाही. बाहेरून आलेले द्रव्य आतल्या घाटात मुरले की नुसते वर तरंगत राहिले, हाच प्रश्न विचारावयास हवा होता.

तो विचारण्याची साधने मराठी समीक्षेजवळ होती. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेचा विचार मांडला होता. त्या कसोटीवर ‘गोरे गोरे’ उतरत नाही. तेथे चाल आयती आहे, शब्द तिच्यावर बसविलेले आहेत; खोडकरपणा आणि उत्साह आहे, पण देशी आणि परके यांच्यात ताणच नाही. विरोध नाही, म्हणून समतोलही नाही. ‘अलबेला’तील ‘शोला जो भडके’ मात्र निराळे आहे. येथे बाँगो आहे, ट्रंपेट आणि क्लॅरिनेट आहेत. परंतु ठेक्याचे घर आठ मात्रांच्या केरव्याचे आहे. क्लावेची विषमता येथे आलेली नाही, खर्जाची आगाऊ उडी आलेली नाही. सम आपल्या जागी आहे आणि श्रोत्याला तिच्यावर विसावता येते. क्यूबाचा मर्मज्ञ म्हणेल की, लयीचे हाड सोडून कातडे तेवढे घेतले. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. मुंबईच्या श्रोत्याची सम काढून घेतली असती तर गीत केवळ नवलाईचे झाले असते. चितळकरांनी सम राखली आणि तिच्याभोवती बाँगोचे चंचल आघात फिरविले. भजनी ठेक्यातील सरळ मात्रेला छेद देणाऱ्या आघातांवर पोसलेल्या मराठी कानाला ते ओळखीचे वाटले. येथे विरोध आहे आणि समतोलही आहे. स्वतः चितळकरांचा साधा, काहीसा बैठकीतला गळा या झगमगाटात ज्या सहजतेने वावरतो, तीच या समतोलाची खूण होय.

या वाटेचे पुढचे टोक पुन्हा मद्रासमध्येच आहे. जेमिनीच्या एस. एस. वासन यांनी 1958 साली ‘वंजिक्कोट्टै वालिबन’ हा तमिळ चित्रपट आणि ‘राजतिलक’ हे त्याचे हिंदी रूप काढले. दोहोंचे संगीत चितळकरांचे. त्यातील पद्मिनी आणि वैजयंतीमाला यांच्या नृत्यस्पर्धेचे गीत पी. लीला आणि जिक्की यांनी गायले आहे. येथे बाँगोची गरज उरलेली नाही. पण एका लयीला दुसरीने आव्हान देणे, वेग चढवीत नेणे, विसावा पुढे पुढे ढकलणे हे सारे येथे शुद्ध देशी द्रव्यातून साधलेले आहे. परक्या लयीशी केलेल्या आठ-दहा वर्षांच्या झटापटीने संगीतकाराच्या हाताला जे वळण लागले, ते परके वाद्य बाजूला ठेवल्यावरही टिकले. ऋण पचल्याचे याहून चांगले प्रमाण देता येणार नाही. तमिळनाडूत या गीताचा रचनाकार मराठी होता याची जाणीव फार थोड्यांना असते, आणि महाराष्ट्रात चितळकरांच्या थोरवीची उदाहरणे देताना हे गीत क्वचितच निघते. ‘चाल’ची ओळ पुसण्याचे प्रायश्चित्त असे पुसणाऱ्यालाही भोगावे लागले आहे.

तेव्हा निष्कर्ष काढावयाचा तो आरोपाचाही नव्हे आणि समर्थनाचाही नव्हे. हवानाच्या फेरीवाल्याच्या आरोळीपासून न्यूयॉर्क, हॉलिवुड, लंडन, मुंबई आणि मद्रासपर्यंत जी चाल फिरली तिच्यात प्रत्येक मुक्कामी कोणीतरी भर घातली, कोणीतरी नफा घेतला आणि कोणाचे तरी नाव गळाले. कलाकृतीचे मूल्य तिच्या ऋणावरून ठरत नाही, ऋणाच्या विनियोगावरून ठरते. या अर्थाने चितळकरांची उत्तम गीते त्यांची स्वतःची आहेत. परंतु समीक्षेचे काम मूल्य सांगून संपत नाही. गळालेली नावे पुन्हा जागच्या जागी लिहिणे हेही तिचेच काम आहे. हरिकथेने साकीला साकी म्हटले, नोट्टुस्वराने ‘नोट’ जपली, संगीत नाटकाने ‘चाल’ छापली. त्यांपैकी कोणाचेही त्यामुळे काही उणे झाले नाही. वेलचेरीतील एखाद्या मराठी घरात ‘शोला जो भडके’ लागावे आणि शेजारच्या तमिळ घरात पद्मिनी-वैजयंतीमालेची नृत्यस्पर्धा चालू असावी, ही गोष्ट अशक्य नाही. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच संगीतकार आहे आणि त्याच्यामागे हळदोण्याचा एक ट्रंपेटवाला आहे, एवढे त्या दोन घरांना सांगता आले, तरी ती पुसलेली ओळ पुन्हा छापल्यासारखे होईल.